आधी भिंत पाहावी, मग बार

पुलगावात सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे 'बीम' हा शब्द ज्या धास्तीने उच्चारतात, त्या धास्तीने आमच्या पिढीने फक्त 'इंग्रजी' आणि 'गणित' हे दोन शब्द उच्चारले असतील. बीम म्हणजे डोक्यावरचा आडवा लोखंडी बार. दोन्ही हातांनी तो धरायचा, अंग वर ओढून हनुवटी बारच्या वर न्यायची, आणि हात पूर्ण सरळ होईपर्यंत पुन्हा खाली यायचे. झोका घ्यायचा नाही, पाय झाडायचे नाहीत. जुन्या व्यायामशाळांतून याला सिंगल बार म्हणत. हल्ली लहानथोर सगळेच पुलअप्स म्हणतात. गवंड्याच्या तोंडीही 'बीम' असतो, पण तो सिमेंट-काँक्रीटचा. या दोन बीमांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

गावाला लागूनच केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे लष्करी गणवेश इथे रोजच्या पाहण्यातला. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री त्या भांडारात आग लागली आणि त्यात लष्करी अधिकारी व अग्निशमन दलाचे जवान मृत्युमुखी पडले. गणवेशाची किंमत काय असते, हे त्या रात्री गावाने अगदी जवळून पाहिले. तरी पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी पोरे कमी झाली नाहीत. कशी होणार? कापडगिरणीचा भोंगा बंद झाला, आर्वीची नॅरोगेज गाडी बंद झाली, आणि कोरडवाहू कपाशीवर दोन भाऊ पोसले जात नाहीत हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही.

भरतीच्या मैदानावर वर्षानुवर्षे चालत आलेला गुणांचा हिशेब असा: दहा पुलअप्सना ४० गुण, नऊंना ३३, आठांना २७, सातांना २१, सहांना १६. पाचवर जो थांबला तो बाद. आयुष्य बँकेत गेल्यामुळे असा तक्ता दिसला की मी आधी दर काढतो. सातवा पुलअप ५ गुण देतो, आठवा आणि नववा सहा-सहा, आणि दहावा ७. मुदत वाढत जाईल तसा व्याजाचा दर चढावा, तशी ही चढण आहे. सर्वांत जास्त परतावा सर्वांत शेवटच्या, हात थरथरत असतानाच्या ओढीला. आणि सहाव्याची किंमत तर मोजताच येत नाही, कारण तो नसेल तर पुढचे सगळेच नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली, २०२३ पासून आधी संगणकावरची परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाला. बीम मात्र जागचा हलला नाही. राज्याच्या पोलीस भरतीत एके काळी पुलअप्स होते, तिथे आता पुरुषांसाठी १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक आहे. म्हणजे एकच पोरगा दोन्ही भरत्यांची तयारी करतो तेव्हा त्याला गोळाही लागतो आणि बारही. गोळा विकत आणता येतो. बारचे तसे नाही.

धावायला रस्ता पुरतो, आणि रस्ता फुकट असतो. दंड-बैठकांना तर सहा फूट जमीन पुरे. आपली व्यायामाची परंपराच दंड, बैठका, सपाटे यांची. म्हणजे ढकलण्याची आणि उठण्याबसण्याची. ओढण्याचा व्यायाम आला तो मलखांबातून. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मलखांबाला जे रूप दिले, ते १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी टिकवले आणि बाहेर दाखवले. आडवा बार हा मात्र जर्मन पाहुणा. फ्रिडरिक लुडविग यान या शिक्षकाने १८११ साली बर्लिनच्या हाझनहाइडे भागात उघड्यावर व्यायामाचे मैदान काढले, त्या काळापासून तो सैनिकी कवायतीच्या सोबतीने जगभर फिरला आणि शेवटी आपल्या शाळांच्या मैदानांवर येऊन गंजत उभा राहिला.

आखाड्याबाहेर घरोघरी ओढण्याचे काम होते ते विहिरीवर. रहाटावरून पाण्याने भरलेली बादली दिवसातून पन्नास वेळा ओढणाऱ्या माणसाच्या पाठीला वेगळा बार लागत नव्हता. मोटारपंप आले, नळ आले, आणि ओढणे आपल्या दिवसातून निघून गेले. ते परत यावे असे म्हणण्याचा हेतू नाही. त्या बादल्या बहुधा बायाच ओढत. पण शेतावर राबणारा दणकट मुलगा पहिल्या दिवशी बारला लटकतो आणि एकही पुलअप निघत नाही, तेव्हा तो ओशाळतो. त्याने ओशाळण्याचे कारण नाही, एवढेच सांगायचे आहे. पाठीच्या रुंद स्नायूंना हे काम कधी दिलेलेच नसते.

तेव्हा घरी बार हवा. आणि मग प्रश्न येतो, "काकाजी, दाराले लावाचा बार घेतला तर जमते का जी?"

हा दाराचा बार हल्ली हजार रुपयांच्या आगेमागे घरपोच मिळतो. त्याचे दोन प्रकार. एक अडकवायचा: त्याची मागची पट्टी दाराच्या वर, भिंतीपासून पुढे आलेल्या लाकडी किनारीवर टेकते, पुढचे दांडे चौकटीला समोरून रेटतात, आणि माणूस लटकला की तरफेसारखा तो आपोआप घट्ट बसतो. कल्पना नामी आहे. पण ती ज्या देशांत जन्मली तिथे दाराभोवती जाड लाकडी पट्टी मारलेली असते. आपल्याकडे चौकट भिंतीतच बसवतात, होल्डफास्टने विटांत जखडतात आणि गिलावा तिच्या कडेपर्यंत आणून सपाट करतात. त्या बारची पट्टी टेकायला जागाच उरत नाही. टेकलीच तर गिलाव्याच्या बोटभर कडेवर टेकते, आणि तो गिलावा माणसासकट खाली येतो. चित्रात गोरा मुलगा हसत लटकलेला दिसतो. त्याच्या हसण्यापेक्षा त्याच्या मागची चौकट पाहावी.

दुसरा प्रकार ताणून बसवायचा. एका नळीत दुसरी नळी, मध्ये आटे, दोन्ही टोकांना रबरी टोप्या. फिरवत गेले की बार लांब होतो आणि चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये दाबून बसतो. हा आपल्या चौकटीत बसतो, म्हणून तोच जास्त खपतो. डब्यावर शंभर-दीडशे किलो पेलतो असे छापलेले असते. बार पेलतही असेल. प्रश्न चौकटीचा असतो. सत्तर किलोचा मुलगा लटकला की प्रत्येक टोकावर पस्तीस किलो भार येतो, आणि तो पेलायचा फक्त रबर व लाकूड यांच्या घर्षणाने. दाबाच्या निम्मे घर्षण मिळते असे धरले, तर चौकटीच्या प्रत्येक बाजूला बाहेरच्या दिशेने सत्तर किलोचा रेटा हवा. मुलगा झटका देऊन वर जातो तेव्हा हा आकडा दुप्पट धरावा लागतो. म्हणजे बार पडू नये इतका घट्ट केला तर चौकट दोन्हीकडून फाकते, फळी नीट लागेनाशी होते. आणि चौकटीची दया येऊन सैल ठेवला तर मुलगा पाठीवर पडतो. तेलरंगाच्या गुळगुळीत चौकटीवर घर्षण आणखी कमी. पत्र्याच्या, संगमरवरी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत तर हा बार मुळी लावूच नये. जुनी सागवानी चौकट असेल, तर टोप्यांऐवजी लाकडात स्क्रूने पक्क्या बसणाऱ्या वाट्यांचा बार घ्यावा. त्याने लाकडाला चार भोके पडतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. पण भोके बुजवता येतात.

याहून मोठी अडचण उंचीची आहे आणि ती कोणत्याच डब्यावर छापलेली नसते. आपले दार सात फुटी. बार अगदी वर, चौकटीच्या आडव्या लाकडाखाली लावला तर हनुवटी वर जाण्याआधी टाळू गणेशपट्टीला लागते. हनुवटीपासून टाळूपर्यंत नऊ इंच धरा, वर थोडी मोकळीक धरा. बार खाली आणत आणत सहा फुटांवर येतो. साडेपाच फुटांच्या मुलाला सहा फुटांवरच्या बारला लटकायचे तर गुडघे मागे दुमडावे लागतात. रुंदीचेही तेच. आतल्या खोलीचे दार अडीच-पावणेतीन फुटांचे, त्यात कोपरे चौकटीला घासतात. दाराच्या बारवर सराव होत नाही असे नाही. होतो, पण आखडून होतो. आणि मैदानावर उंच बार समोर आला की दुमडून ठेवायची सवय झालेले पाय नेमके झाडायला लागतात.

दाराचा बार टाळला की दुसरा मार्ग भिंतीत बसवायचा. इथे मला राहून राहून जामीनदाराची आठवण होते. कर्ज मागणारा समोर हसतमुख बसलेला असतो. अनुभवी अधिकारी पाहतो तो त्याच्या शेजारी गप्प बसलेल्या माणसाकडे. भिंतीवरच्या बारमध्ये हा गप्प माणूस म्हणजे भिंत. बार भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे असला, म्हणजे वर जाताना गुडघे आणि छाती भिंतीला लागत नाहीत, आणि त्याच्या लोखंडी बैठकीच्या वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असले, तर साठाला तिसाने भागून दोन येतात. सत्तर किलोचा मुलगा वरच्या बोल्टांना एकशेचाळीस किलोने भिंतीबाहेर उपटत असतो. झटक्याने त्याच्या दुप्पट. बोल्ट तुटत नाही. विटेचा तुकडा घेऊन तो बाहेर येतो. म्हणून बैठकीची उंची जितकी जास्त तितके चांगले, आणि दुकानात बारची चकाकी पाहण्याऐवजी पट्टी घेऊन हे दोन बोल्टांतले अंतर मोजावे.

भिंत कोणती? चार इंची पडदी भिंत असेल तर विषयच संपला. मातीच्या जोडाईची जुनी भिंत जाड असते, दोन फुटांचीही असते, पण तिच्यात बोल्ट धरत नाही. दोन महिन्यांत भोक मोठे होते आणि त्यातून माती झरू लागते. सिमेंटमध्ये बांधलेली नऊ इंची पक्क्या विटांची भिंत चालते, मात्र भोक दोन विटांच्या सांध्यात न घेता विटेच्या मध्यावर घ्यावे, आणि गिलाव्याची जाडी सोडून बोल्ट आत किती गेला ते मोजावे. हलक्या पोकळ ठोकळ्यांच्या नव्या भिंतीला साधा फास्टनर मारू नये. सर्वांत उत्तम म्हणजे गवंड्याचा बीम: स्लॅबखालची काँक्रीटची तुळई किंवा कॉलम. तिथे छिद्र घेताना आतली सळई लागली तर हट्ट न करता दोन इंच सरकावे. पोरांचा बीम गवंड्याच्या बीमला बसला, की मग काळजी नाही. छताला पंख्याचा हुक असतो, तो पंख्यासाठी असतो. झोपाळ्याची कडी मात्र पूर्वी लोक तुळईत खोलवर बसवून घेत. अशी जोडी घरात असेल तर दोन दोर आणि एक दांडा यांत काम भागते, फक्त दांडा डुलतो.

स्वतंत्र उभे राहणारे लोखंडी स्टँडही विकायला असतात. त्यांचा पाया अरुंद असला तर ते माणसाबरोबर हलतात, नट दर आठवड्याला सैल होतात, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते कुटुंबातल्या आणखी एका माणसाइतकी जागा खातात. सहा महिन्यांनी त्यावर ओले टॉवेल दिसू लागतात. पूर्वी माजघरात वळणी असायचीच, तिची जागा अशी भरून निघते.

आता माझे मत. पुलगावच्या आणि भोवतालच्या खेड्यांतल्या घरांना शहरी फ्लॅटला नाही असे एक ऐश्वर्य अजून आहे, आणि ते म्हणजे अंगण किंवा परस. ज्याच्याकडे सहा फूट लांब मोकळी जमीन आहे, त्याने दाराचा बार विकत घेऊ नये. दोन खांब पुरावेत आणि वर पाइप टाकावा. एका घरचा खर्च जड वाटला तर गल्लीतल्या चौघांनी मिळून करावा. बार असा काही झिजत नाही.

पाइपच्या दुकानात एक घोळ हमखास होतो. 'एक इंची' पाइप म्हणजे आतून साधारण एक इंच. बाहेरून तो जवळजवळ ३४ मिलिमीटर भरतो. हाताला हा चालतो. जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतला आडवा बार २८ मिलिमीटरचा असतो, पण तो खास पोलादाचा भरीव गज. त्याचे पाहून पाऊण इंची पोकळ पाइप घेतला तर तो आठवड्याभरात धनुष्य होतो. उलट 'भक्कम असू दे' म्हणून दीड इंची घेतला तर बाहेरून ४८ मिलिमीटर होतो, बोटे पुरी वळत नाहीत, आणि पाठ थकायच्या आत मूठ सुटते. पाइपवर रंगाचा पट्टा असतो: पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, तांबडा जड. आडव्या बारला तांबडाच मागावा, आणि दोन खांबांमधले अंतर साडेतीन फुटांवर नेऊ नये. अंतर वाढले की एक इंची पाइप मध्ये वाकू लागतो; चार-पाच फुटांचा बार करायचाच असेल तर सव्वा इंची घ्यावा आणि जाड मुठीची सवय करावी.

खांबांना दोन इंची पाइप पुरतो. तो वीस फुटांच्या नगात येतो. मधोमध कापला की दहा फुटांचे दोन खांब, तुकडा वाया जात नाही. अडीच फूट जमिनीत, साडेसात फूट वर. साडेपाच फुटांच्या मुलाचा वर केलेला हात सात फुटांच्या आसपास पोचतो, तेव्हा साडेसात फुटांवरचा बार त्याला छोट्या उडीत मिळतो आणि पाय सरळ सोडता येतात. वेल्डिंग चारी बाजूंनी सलग करून घ्यावे, नुसते टाके मारून नव्हे. आणि जोडाच्या जागचा जस्ताचा मुलामा आधी घासून काढायला सांगावे, नाहीतर जोड कच्चा राहतो आणि जस्ताचा धूर वेल्डिंगवाल्याच्या छातीत जातो.

आणि आपली काळी माती. कपाशीला ती सोने आहे, खांबाला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात, आणि या ओढाताणीत वरवर पुरलेला खांब दोन वर्षांत तिरपा होतो. कुंपणाचा खांब तिरपा झाला तर चालते. इथे त्याला माणूस लटकणार आहे. खड्डा दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल घ्यावा, मुरूम लागला तर उत्तमच, तळाशी अर्धा फूट मुरूम-गिट्टी कुटून बसवावी आणि मग खांब उभा करून काँक्रीट भरावे. खांब ओळंब्यात आणि बार पाणसळीत आहे ना, हे भरण्यापूर्वी पाहावे. नंतर पाहून उपयोग नसतो. जागा निवडताना वैशाखाचे ऊन ध्यानात धरावे. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी तीनचा लोखंडी पाइप तव्यासारखा तापतो, संध्याकाळी सहालाही हात पोळतो. निंबाच्या सावलीत पूर्वेच्या अंगाला खांब लावले तर पहाटेचा आणि संध्याकाळचा, दोन्ही वेळचा सराव होतो. बारला कापड गुंडाळू नये, ते फिरते. सुती पट्टी घट्ट ओढून चिकटवली तर चालते. पोरे त्याच निंबाच्या फांदीलाही लटकतात. फांदी फुकट आहे खरी, पण ती सारखी जाड नसते, त्यामुळे एक खांदा नेहमी वर राहतो.

बार उभा राहिला की बहुतेक मुले पहिल्याच दिवशी भावाच्या ईर्ष्येने दहा काढायला जातात आणि तिसऱ्या दिवशी कोपर धरून बसतात. ज्याला एकही निघत नाही त्याने महिनाभर वर जायचा नादच सोडावा. स्टूल ठेवावे, त्यावर चढून हनुवटी बारवर न्यावी आणि मनात पाच मोजत सावकाश खाली यावे. उतरणे चढण्यापेक्षा सोपे असते आणि काम त्याच स्नायूंना पडते. चार-पाच वेळा उतरले की त्या दिवसापुरते पुरे, आणि एक दिवस आड. नुसते लटकून राहण्यानेही मूठ पक्की होते. दोन निघू लागले की दिवसातून चार-पाच वेळा, जाता-येता एक-दोन काढावेत. एका दमात जीव काढण्यापेक्षा हे बरे, आणि बार अंगणात असण्याचा खरा फायदा हाच. खांद्यात कळ आली तर थांबावे. भरतीसाठी वयाची मुदत असते, म्हणून मुले दुखणे लपवतात. दुखरा खांदा घेऊन सहाच्या पुढे कोणी गेलेला नाही. अंगावरचा प्रत्येक फाजील किलो दहा वेळा वर न्यावा लागतो, हेही मुलाच्या ताटात प्रेमाने तूप ओतणाऱ्या आईला कोणीतरी सांगायला हवे.

मुलींना सैन्यभरतीत बीम नाही. त्यांच्यासाठी धावणे आणि उड्या आहेत. म्हणून अंगणातला बार भावापुरता, असे घरात गृहीत धरले जाते. वास्तविक गोळाफेक करणाऱ्या पोलीस भरतीच्या मुलीला या बारचा उपयोग भावाइतकाच आहे. तिच्यासाठी खांबाला साडेतीन-चार फुटांवर आणखी एक आडवा पाइप जोडून घ्यावा. त्याखाली आडवे होऊन, टाचा जमिनीवर टेकवून छाती पाइपकडे ओढता येते. ज्या मुलांना पहिला पुलअप निघत नाही, तीही मग मुकाट्याने याच खालच्या पाइपवर येतात.

काँक्रीट भरल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे आणि तीन आठवडे कोणालाही लटकू देऊ नये. खांब दुसऱ्याच दिवशी पक्के दिसतात, आणि घरातले धाकटे पोर तेवढ्यासाठीच टपून असते. पाइप तोवर वर चढवूच नये हे उत्तम. भरतीची तारीख महिन्यावर आली असेल, तर तेवढे दिवस थोरल्याने शाळेच्या मैदानावरच्या गंजक्या सिंगल बारवर काढावेत. त्याचे नट मात्र आधी हाताने हलवून पाहावेत.